समुद्रापासून तिसऱ्या गल्लीत

(वाचकांचे प्रश्न. या वेळचा विषय: समुद्रकाठच्या उपनगरातलं राहणं आणि तिथल्या सोयी. उत्तरं देणाऱ्या लेखिका स्थापत्य अभियंता आहेत. किनाऱ्यावरचे रस्ते, गटारं आणि इमारतींची दुरुस्ती हेच त्यांचं नोकरीभराचं काम होतं.)

प्रश्न: ताई, आम्ही नवरा-बायको नुकतेच निवृत्त झालो. समुद्राजवळ घर घ्यायचं दोघांच्याही मनात फार वर्षांपासून आहे. एक फ्लॅट किनाऱ्याच्या रस्त्यावरच आहे, गॅलरीतून पाणी दिसतं. मुलगा म्हणतो, थोडं आत घ्या. काय काय बघून ठरवावं?

मुलाचं ऐका. समुद्र चालत पाच-सात मिनिटांवर असावा, घराच्या तोंडावर नसावा. मला विचारणाऱ्या प्रत्येकाला मी तिसरी गल्ली सुचवते. कारणं सांगते, ती तुम्ही तुमच्या जागेवर जाऊन पडताळून बघा.

पहिलं कारण वर्तुळाचं. बसथांबा, दवाखाना, औषधांचं दुकान, वाचनालय या सोयी चारी बाजूंनी येणाऱ्या माणसांवर चालतात. बसथांबा घरापासून साधारण ४०० मीटरच्या आत, म्हणजे पाच मिनिटांच्या चालीवर असावा, असं नगररचनाकार धरून चालतात. ४०० मीटर त्रिज्येच्या वर्तुळात सुमारे ५० हेक्टर जमीन येते. तोच थांबा किनाऱ्याच्या रस्त्यावर ठेवला की अर्धं वर्तुळ पाण्यात जातं. राहिलेल्या २५ हेक्टरांतून वाळू, फिरायचा कट्टा आणि वाहनतळ वजा करा. तिथे राहणारी माणसंच थोडी उरतात. म्हणून किनाऱ्याच्या रस्त्यावर जे टिकतं ते बहुतेक फिरायला येणाऱ्यांच्या जिवावर टिकतं. रहिवाशांना रोज लागणाऱ्या गोष्टी हळूहळू आतल्या समांतर रस्त्यांवर सरकतात, कारण तिथे त्यांना दोन्ही अंगांनी गिऱ्हाईक मिळतं. तुमच्या वयात औषधांचं दुकान आणि डॉक्टर कुठल्या रस्त्यावर आहेत, हे गॅलरीतून काय दिसतं याच्या आधी बघायला हवं. रुग्णवाहिकेचाही विचार करा. आतल्या घराला चार दिशांनी रस्ते असतात. समुद्रासमोरच्या घराला बरेचदा एकच, आणि सुट्टीच्या संध्याकाळी तो गाड्यांनी भरलेला असतो.

दुसरं कारण पाण्याचं, आणि ते मी फार जवळून बघितलं आहे. पावसाचं पाणी गटारांतून उतारानं समुद्रात जातं. पण भरतीचं पाणी गटाराच्या मुखापेक्षा वर चढलं की उतारच उरत नाही. मुखाशी झडप असेल तर ती मिटते, नसेल तर समुद्र गटारातून उलटा वर येतो. अशा वेळी फार मोठा पाऊस लागत नाही. मध्यम सर आणि उधाणाची भरती एका वेळी आली तरी रस्त्यावर गुडघाभर पाणी होतं. फ्लोरिडातल्या मायामी बीचवर तर कोरड्या, लख्ख उन्हाच्या दिवशीही मोठ्या भरतीचं पाणी गटारांतून रस्त्यावर येऊ लागलं, आणि तिथल्या पालिकेला पंप बसवून काही रस्ते उचलून घ्यावे लागले. अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, बहुधा एक-दोन दिवसांनी, भरती सर्वांत मोठी असते. अष्टमीच्या सुमारास भांगाची, म्हणजे लहान. रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा साधारण ५० मिनिटांनी उशिरा येते. भरती-ओहोटीचं वेळापत्रक छापील मिळतं, मोबाइलवरही दिसतं. उधाणाच्या ऐन भरतीच्या वेळी, पाऊस चालू असताना, त्या इमारतीच्या फाटकाशी जाऊन उभे राहा. घर दाखवणारा तुम्हाला अशा वेळी नेणार नाही, तुम्ही स्वतःहून जा. तळमजल्याच्या भिंतींवर पाण्याची रेघ आहे का बघा. विजेचे मीटर जमिनीपासून किती उंच लावलेत तेही बघा. जुने रहिवासी मीटर उगाच छातीच्या वर नेऊन लावत नाहीत.

मग हंगाम संपल्यावर, आठवड्याच्या मधल्या एखाद्या दिवशी, दिवेलागणीनंतर पुन्हा एकदा जा. किती खिडक्यांत दिवे आहेत ते बघा. किनाऱ्यावरची बरीच घरं सुट्टीपुरती उघडतात. ज्या इमारतीत वर्षातले दहा महिने अंधार असतो तिथे देखभालीच्या सभेला माणसं जमत नाहीत, शेजार मिळत नाही, बसच्या फेऱ्या कमी होतात, शाळेचा पट घसरतो. इंग्लंडमध्ये कॉर्नवॉलच्या सेंट आइव्ह्ज गावाने मे २०१६ मध्ये यावर सार्वमत घेतलं. नवं बांधलेलं घर कायम राहणाऱ्यालाच मिळावं, या बाजूने ८० टक्क्यांहून जास्त मतं पडली. नियम फक्त नव्या घरांपुरता होता, जुनी घरं त्याबाहेर राहिली. तरीही गावाने हा प्रश्न मतपेटीपर्यंत नेला, याचं मला मोल वाटतं.

हवेबद्दल तुम्ही विचारलं नाहीत, पण त्याच हवेसाठी तुम्ही तिथे चालला आहात. खारे वारे सकाळी उशिरा सुरू होतात, दुपारी जोर धरतात आणि सूर्यास्तानंतर पडतात. रात्री मतलई वारे उलट, जमिनीकडून. तिसऱ्या गल्लीतल्या घराला समुद्राच्या दिशेची एक खिडकी आणि तिच्या समोरच्या भिंतीत दुसरी असेल, तर वारा घरातून आरपार जातो. पहिल्या ओळीत तोच वारा मिठाचा फवारा घेऊन येतो आणि तुम्हाला खिडक्या बंद ठेवायला लावतो.

प्रश्न: कपाटातले कपडे दमट लागतात, भिंत पुसली तरी ओलसर राहते. छत गळत नाही, नळ गळत नाही. हे पाणी येतं कुठून?

हवेतून. तुमच्या भिंतीवर आणि कपड्यांवर मिठाचा बारीक थर बसला आहे. हवेतली आर्द्रता सुमारे ७५ टक्क्यांच्या वर गेली की मीठ हवेतलं पाणी ओढून स्वतः विरघळतं. म्हणून आधी मीठ काढा: भिंत आणि कपाटाच्या आतल्या फळ्या गोड्या पाण्याच्या फडक्याने पुसा, मग कोरड्या करा. वारा जोराचा असताना कपडे समुद्राच्या बाजूला वाळत घालू नका. वर नुसता रंग दिलात तर मीठ आतच राहील आणि वर्षाच्या आत रंगाला फोड येतील.

प्रश्न: मी आमच्या सोसायटीचा सचिव आहे. इमारतीला १४ वर्षं झाली. गॅलऱ्यांच्या खालच्या बाजूचं प्लास्टर फुगून पडतंय, सळया दिसतात. सभासद म्हणतात, प्लास्टर करून रंग मारून घेऊ. तुमचा सल्ला काय?

रंगाआधी तपासणी. आणि ती या वर्षीच.

काय होतंय ते सभासदांना असं सांगा. चांगल्या काँक्रीटमध्ये सळईवर एक पातळ संरक्षक पापुद्रा असतो, त्यामुळे ती गंजत नाही. हवेतल्या मिठातला क्लोराइड काँक्रीटच्या सूक्ष्म छिद्रांतून वर्षानुवर्षं आत झिरपतो आणि हा पापुद्रा फोडतो. गंज मूळ लोखंडाच्या दोन ते सहा पट जागा मागतो. काँक्रीटला दाब सहन होतो, ताण होत नाही, म्हणून आतून फुगणाऱ्या सळईपुढे ते तडकतं. तडा गेला की पाणी आणि हवा थेट सळईपर्यंत पोचतात आणि गंजण्याचा वेग वाढतो.

गॅलरीची खालचीच बाजू का, असं मला अनेक जण विचारतात. वरच्या उघड्या बाजूचं मीठ पाऊस धुऊन नेतो. आडोशाच्या जागी मीठ येऊन बसतं, पण धुतलं कधीच जात नाही. सज्जाखालचे कोपरे, जिन्याची खालची बाजू, वातानुकूलन यंत्राची मागची बाजू या जागा म्हणून आधी बघायच्या.

लोखंड किती झपाट्याने जातं त्यासाठी आयएसओ ९२२३ हे प्रमाणक आहे. उघडं साधं पोलाद सी३ या मध्यम गटातल्या हवेत पहिल्या वर्षी २५ ते ५० मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतं. सी५ गटात ८० ते २००. सीएक्स हा शेवटचा गट, त्यात २०० ते ७००. लाटा फुटतात त्याच्या अगदी समोरच्या इमारती या वरच्या गटांत जाऊ शकतात. वाऱ्यातलं मीठ किनाऱ्यापासूनच्या पहिल्या काहीशे मीटरांतच झपाट्याने खाली बसतं, हे माझ्या तिसऱ्या गल्लीमागचं आणखी एक कारण.

आता काम. स्ट्रक्चरल ऑडिट, म्हणजे इमारतीच्या मजबुतीची तपासणी, करून घ्या आणि त्यात काँक्रीटमधल्या क्लोराइडची तपासणी व हाफ-सेल चाचणी लेखी मागा. ती केल्यावर वरून धड दिसणाऱ्या भागात आत गंज चालू आहे का याचा अंदाज येतो. तोवर तुम्ही स्वतः हलक्या हातोडीने स्लॅब ठोकून बघा. जिथे बद्द आवाज येतो तिथे आवरण सुटलेलं आहे. खडूने खूण करा आणि त्या खाली कुणाला उभं राहू देऊ नका, मुलांना तर नाहीच. दुरुस्ती करताना गंजलेल्या सळईच्या मागे बोटभर शिरेल इतकं काँक्रीट फोडून काढायला लावा, सळई चकचकीत साफ होऊ द्या, किती झिजली ते मोजू द्या, मग पॉलिमर मॉर्टर (दुरुस्तीसाठीचं खास मिश्रण) भरा. समोरून लिंपून घेतलं तर क्लोराइड मागे राहतो. पुष्कळदा असंही होतं की नव्या ठिगळाच्या कडेलाच जुनी सळई जास्त जोरात गंजू लागते. म्हणून कंत्राटात फोडण्याची खोली आकड्यात लिहा.

पैशांवरून सभा लांबत असेल तर सर्फसाइडचं उदाहरण समोर ठेवा. मायामीजवळचं ते समुद्रकाठचं उपनगर. तिथली १९८१ ची १२ मजली चॅम्प्लेन टॉवर्स साउथ इमारत २४ जून २०२१ च्या रात्री जवळजवळ अर्धी कोसळली आणि ९८ माणसं गेली. पोहण्याच्या तलावाच्या डेकखालचं वॉटरप्रूफिंग निकामी झालंय आणि खालच्या काँक्रीटची मोठी हानी होतेय, असं अभियंत्याने २०१८ मध्येच लिहून दिलं होतं. काँक्रीटची मोठी दुरुस्ती सुरू होण्याआधी इमारत पडली. मूळ आराखड्यातल्या उणिवाही तपासात पुढे आल्या, त्यामुळे सगळा दोष खाऱ्या हवेवर टाकता येणार नाही. पण अहवाल हातात असताना गेलेली ती तीन वर्षं मला अजून अस्वस्थ करतात.

प्रश्न: आम्ही नुकतेच किनाऱ्याजवळ राहायला आलो. मुलं १० आणि १२ वर्षांची, दोघांनाही पोहता येतं. जिथे लाटा फुटत नाहीत, पाणी शांत असतं, तिथेच उतरायचं असं मी त्यांना सांगितलंय. बरोबर ना?

नाही, आणि आजच मुलांना पुन्हा समजावून सांगा. फुटणाऱ्या लाटांच्या रांगेत मधेच एक शांत, जरा गडद पट्टा दिसला तर तिथे बहुधा रिप करंट असतो. लाटा पाण्याखालच्या वाळूच्या बांधावरून पाणी किनाऱ्याकडे ढकलतात. ते परत जायला वाट शोधतं आणि बांधातल्या खिंडारातून जोरात समुद्राकडे वाहतं. खिंडारात खोली जास्त म्हणून लाट फुटत नाही, आणि वरून जागा शांत दिसते. हा प्रवाह सेकंदाला दोन मीटरपर्यंत जाऊ शकतो. ऑलिम्पिकमधले अव्वल जलतरणपटू १०० मीटर साधारण याच वेगाने पोहतात. त्याच्याविरुद्ध किनाऱ्याकडे पोहणारा दमतो आणि बुडतो. मुलांना शिकवायचं ते हे: घाबरायचं नाही, पाठीवर तरंगायचं, एक हात वर करायचा, आणि दम असेल तर किनाऱ्याला समांतर पोहत प्रवाहाबाहेर पडायचं. प्रवाह पाण्याखाली ओढत नाही, बाहेर नेतो.

सिडनीच्या बोंडाय किनाऱ्यावर ६ फेब्रुवारी १९३८ ला लागोपाठ मोठ्या लाटा आल्या आणि सुमारे २५० माणसं एकदम आत ओढली गेली. पाच जण गेले. बाकीचे वाचले, कारण त्या दिवशी जीवरक्षकांचं पथक मोठ्या संख्येने किनाऱ्यावर हजर होतं. एका किनाऱ्याला यापेक्षा मोठी सोय कुठली असू शकते? तुमच्याकडे जीवरक्षक किती ते किती वाजेपर्यंत असतात, शिट्टी वाजवून जायची वेळ झाल्यावर किनारा कोण बघतं, हे आधी विचारून घ्या. लाल-पिवळ्या झेंड्यांच्या मधल्या भागातच पोहायचं. झेंडे नसतील त्या दिवशी पोहायचं नाही, फक्त वाळूत खेळायचं.

आणि मोठ्या पावसानंतर निदान एक दिवस पाण्यात सोडू नका. खाडीच्या किंवा नाल्याच्या मुखाजवळ तीन दिवस. शहराची सगळी घाण त्या पहिल्या पाण्याबरोबर येते.

प्रश्न: आमच्या किनाऱ्यावर आता दगडी कट्टा, दिवे, फोटो काढायची जागा असं बरंच झालंय. पण मला काठी घेऊन चालावं लागतं आणि मी तिथे जायचं सोडलंय. माझी तक्रार कुणाला ऐकू येत नाही.

काका, मला आली. तुम्ही दोनच ओळी लिहिल्यात, पण नगरपालिकेला पत्र पाठवताना सविस्तर लिहा. काय मागायचं ते मी सांगते.

स्वच्छतागृह सगळ्यात आधी. म्हातारी माणसं, लहान मुलं, गरोदर बायका आणि मधुमेह असलेले लोक कुठे किती वेळ थांबतील हे त्यावरच ठरतं. आमच्या खात्यात कट्ट्याच्या आराखड्यांवर बैठका व्हायच्या, तेव्हा स्वच्छतागृह नेहमी शेवटच्या पानावर असायचं, आणि पैसे कमी पडले की तेच पान फाडलं जायचं. मी दर वेळी भांडले. ते दिवसभर उघडं हवं, आत पाणी हवं, आणि दाराला उंबरठा नको.

मग बाकं. दर ५० मीटरला एक, पाठ आणि हात असलेलं. हाताच्या आधाराशिवाय तुम्हाला उठता येत नाही हे आराखडा काढणाऱ्या तरुणाला कळत नाही. काही बाकं समुद्राकडे पाठ करून, वाऱ्याच्या आडोशाला असावीत. सावलीसाठी खारा वारा सोसणारी झाडं लागतात. उष्ण प्रदेशात उंडी आणि भेंडीची झाडं (भाजीची भेंडी नव्हे) सोसतात. बागेतली शोभेची झाडं जळून जातात आणि मग ठेकेदार दर वर्षी नवी लावतो. रेलिंग पोलादाचं असेल तर ३१६ दर्जाचं स्टेनलेस स्टील मागा. त्यात दोन ते तीन टक्के मॉलिब्डेनम असतं, ते मिठाला तोंड देतं. स्वस्तातल्या ३०४ वर तपकिरी डाग आणि खड्डे पडतात, आणि ज्याच्या आधाराने तुम्ही चालणार ते हाताला बोचू लागतं.

पायऱ्यांच्या शेजारी उतार हवा, एक फूट चढायला बारा फूट लांबी या प्रमाणात. वाळूवर टाकायच्या गुंडाळता येणाऱ्या चटया मिळतात, त्यावरून काठी किंवा चाकाची खुर्ची ओल्या, घट्ट वाळूपर्यंत जाते. फुगीर चाकांच्या खास खुर्च्याही अनेक किनाऱ्यांवर ठेवलेल्या असतात. हे सगळं मागताना "ज्येष्ठांसाठी" एवढंच लिहू नका. बाबागाडी ढकलणाऱ्या आईची, पाय मोडलेल्या मुलाचीही सही घ्या.

प्रश्न: दर वर्षी किनारा थोडा थोडा खचतोय. रहिवासी समितीने भिंत मागायची ठरवली आहे. मी एकटाच विरोधात आहे. मी चुकतोय का?

भिंतीमागे काय आहे त्यावर उत्तर आहे. रुग्णालय, मुख्य रस्ता, दाट वस्ती असेल आणि जागाच उरली नसेल, तर भिंत लागेल. पण भिंत जमीन वाचवते, पुळण वाचवत नाही, हे समितीतल्या प्रत्येकाला माहीत असलं पाहिजे. भिंतीवर आपटून परतणारी लाट पायथ्याची वाळू उकरते. समुद्र पुढे सरकत असताना मागची रेघ कायमची पक्की केली की मधली वाळू अरुंद होत जाते. भिंत संपते त्या टोकाला शेजारच्या वस्तीची झीज वाढते. किनाऱ्यापासून समुद्रात शिरणारे बांध घातले तरी एका बाजूला वाळू साठते आणि प्रवाहाच्या पुढच्या बाजूची वस्ती तिला मुकते.

नेदरलँड्स हा तर भिंती आणि बांधांचा देश, पण त्यांनी १९९० पासून आपली किनारारेषा मुख्यतः वाळू टाकून राखायचं धोरण धरलं आहे. हेगजवळ २०११ मध्ये त्यांनी सुमारे २ कोटी १५ लाख घनमीटर वाळू एकाच ठिकाणी टाकली आणि ती किनाऱ्यावर पसरवायचं काम वारा आणि लाटांवर सोपवलं. तुमच्या समितीला एवढं परवडणार नाही. तिने आधी एवढं विचारावं: वाळू जाते कुठे? वरच्या अंगाला कुणी बांध घातलाय का, नदीवर धरण झालंय का, वाळूउपसा चालू आहे का? वाळूच्या टेकड्यांवरची मर्यादवेल आणि गवत कट्ट्यासाठी उपटलं गेलंय का? उपटलं असेल तर पुन्हा लावा आणि भोवती दोरी बांधा. तुम्ही एकटे आहात म्हणून गप्प बसू नका. निदान खचण्याचं मोजमाप झाल्याशिवाय ठराव होऊ देऊ नका.

प्रश्न: आमच्या सोसायटीच्या कडेने किनाऱ्याकडे जाणारी जुनी पायवाट आहे. रात्री गोंगाट होतो, कचरा पडतो. फाटक लावून ती कायमची बंद करावी असं बहुमत आहे. कायदेशीर मार्ग सुचवा.

बंद करायचा मार्ग मी सुचवणार नाही. हवा, वाहतं पाणी, समुद्र आणि म्हणून समुद्राचा किनारा ही सर्वांची सामाईक मालमत्ता, हे सहाव्या शतकातल्या जस्टिनियनच्या रोमन कायद्यात लिहिलेलं आहे, आणि आजही अनेक देशांत निदान भरती-ओहोटीमधली जमीन सार्वजनिक धरतात. पण पाण्यापर्यंत पोचायला वाटच नसेल तर तो हक्क कागदावर राहतो. तुमच्या मागच्या, तिसऱ्या-चौथ्या गल्लीतल्या माणसांचा समुद्र त्या पायवाटेवर आहे.

तुमचा त्रास खरा आहे, तो कमी करता येतो. पायवाटेवर जमिनीकडे प्रकाश टाकणारे दोन दिवे लावा. दोन्ही टोकांना झाकणाच्या कचरापेट्या ठेवा आणि त्या रोज उचलायची जबाबदारी पालिकेकडून लेखी घ्या. गाड्या शिरू नयेत म्हणून खांब रोवा, पण चाकाची खुर्ची जाईल एवढं, निदान ९० सेंटिमीटर, अंतर सोडा. रात्री फाटक लावायचंच असेल तर वेळ पालिकेशी ठरवा, पाटीवर लिहा, आणि पहाटे मासेमारीला जाणारे, पोहणारे, फिरणारे येण्याआधी ते उघडण्याचं काम ठरावीक माणसावर सोपवा. ही पायवाट विकास आराखड्यात दाखवलेली आहे का तेही बघा. नसेल तर ती नोंदवून घेण्यासाठी अर्ज तुमच्याच सोसायटीने करावा, असं मला वाटतं.